दगडाची वरची बाजू

“आठवी सोडलेल्या पोरानं मला दगड शिकवू नये,” लॅबमधल्या दगड तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या. “कालच सांगितलं ना? ओल्या मातीची भेग तीस फूट खोल आहे. तुमच्या वाडीला धोका नाही.”

माझं डोकं सणकलं. “शिकवत नाही, दाखवतोय. ही भोकं बघा!”

मामाच्या ड्रिल मशीननं आमच्या डोंगरातून काढलेला बत्तीस फुटी, नळीसारखा दगड त्यांनी तुकड्या-तुकड्यानं सीटी स्कॅनमध्ये घातला होता आणि कॉम्प्युटरवर सलग उभा जोडला होता. आतली बारीक भोकं काळी दिसत होती, सगळी तळाला. आमच्या डोंगरात कुठंही खणा, भोकाचा दगड वर लागतो, घट्ट दगड खाली.

मॅडम खुर्चीतून उठल्याच. “खरंय. लाव्हारसातले बुडबुडे वरच चढतात. दगडाचे तुकडे पेटीत कुणी भरले?”

मीच. त्या दिवशी मामाशी भांडून मी पेटीच्या पलीकडं जाऊन बसलो होतो. तुकडे निघतील तसे डावीकडून लावायचे असतात. मी लावले, पण माझ्या डावीकडून. अख्खा दगड उलटा झाला.

म्हणजे भेग तीस फूट खाली नाही, घरांच्या पायाशीच आहे. वर चार दिवस पाऊस कोसळतोय.

दरड कोसळेल म्हणून वाडीतले सगळे शाळेत मुक्कामाला होते. काल मीच आईला फोन केला, “काही होत नाही, जा घरी.” ती सगळ्यांना घेऊन गेली.

आता तिचा फोन लागत नाहीये. मॅडम तहसीलला फोन लावतायत. मला निघायला पाहिजे.