काकूंची काळी माती

बंद पडलेल्या बॅटरी कारखान्यामागच्या गल्लीत घरोघरच्या मातीत शिसं निघालं, तेव्हा काकूंनी नाक मुरडलं. “वीस वर्षं भाजीची देठं आणि चहाचा चोथा घालून पोसलीय मी ही माती. म्हणे विषारी!” मास्कवाली माणसं अंगण दीड फूट खणून न्यायला येणार, त्याच्या आदल्याच दिवशी काकूंनी वाफ्यातली काळीभोर माती आठ कुंड्यांत भरली आणि कुंड्या न्हाणीघरात दडवल्या. माणसं गेल्यावर त्या पुन्हा दारात आल्या.

दोन महिन्यांनी माती तपासणारे साहेब शेवटच्या तपासणीला आले. बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, हातात मोजे. चहालासुद्धा नको म्हणाले. अंगणातली नवी पिवळट माती झकास पास झाली. निघताना त्यांची नजर पायरीवरच्या कुंडीतल्या पुदिन्यावर गेली.

“वा काकू! आमच्या नव्या मातीत इतका फोफावला?”

“हाताला गुण असतो, साहेब,” काकू फुशारल्या.

साहेबांनी मोजे काढले आणि कुंडी उचलून छातीशी धरली. “ही नेऊ का घरी? आमची लेक नुकतीच रांगायला लागलीय, दिसेल ती माती तोंडात घालते. ही निदान तपासलेली तरी आहे.”

काकूंनी झडप घालून कुंडी हिसकावली. “नको हो, साहेब! घरात रांगतं मूल असताना कशाला विषाची परीक्षा?”



मागे, उरलेल्या सात कुंड्यांच्या मधोमध बसून काकूंची नात मातीने माखलेली मूठ चोखत होती.