मैदानाखालची टाकी

झाकण उचलून इंजिनीअरबाईंनी बॅटरी आत मारली. टाकी काठोकाठ भरलेली होती.

"काल संध्याकाळी कोरडी ठणठणीत केली होती, बाई," पंपवाला म्हणाला. "तुमच्यासमोर. शप्पथ!"

"मग हे पाणी काय आभाळातून पडलं?"

पंपवाल्याने खरोखरच वर पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता. आठवडाभर थेंबही पडला नव्हता.

"कुठंतरी पाणी मुरतंय," तो गंभीरपणे म्हणाला.

"मुरलं असतं तर बरंच झालं असतं. इथे उगवतंय!"

अख्खं खेळाचं मैदान उकरून त्याखाली ही टाकी बांधली होती. वरच्या रस्त्यांवरून धो धो येणारं पावसाचं पाणी तिने पोटात घ्यायचं आणि मग सावकाश पलीकडच्या नाल्यात सोडायचं, असा बेत. पण पोट आधीच भरलेलं असेल तर ती घेणार कुठे? पाऊस यायच्या आत टाकी रिकामी हवी. आणि ही अवदसा रोज सकाळी तुडुंब!

तिने पाणी घेतलं नाही, तर ते जाणार खालच्या गल्लीत. त्या गल्लीत बाईंचं घर होतं. गेल्या वर्षी पाणी शिरलं तेव्हा त्यांच्या वडिलांना दाराच्या फळीवर बसवून बाहेर काढावं लागलं. शेजारचे आजोबा वाचलेच नाहीत.

उद्या दुपारी मुसळधार पाऊस सांगितला होता, आणि उद्याच निधीवाल्या बाई पाहणीला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर आणखी दोन मैदानांखाली टाक्या. नाहीतर सगळी योजनाच गुंडाळायची.

"पंप लाव," बाई म्हणाल्या.

पंप टाकीच्या तळाशी होता. वर उभं राहिलं तर आवाजसुद्धा येत नसे. टाकी उपसायला त्याला पूर्ण दिवस लागायचा.

तेवढ्यात कंत्राटदार आला. त्याने ओंजळभर पाणी घेऊन वास घेतला.

"नळाचं आहे. औषधाचा वास येतोय. बाई, मी टाकी बांधली, विहीर नाही खणली. माझ्या नावाने खडे फोडू नका."

नळाचं पाणी इथे येईलच कसं? बाईंचं डोकं पार चक्रावून गेलं. संध्याकाळी टाकी रिकामी झाली तेव्हा त्यांनी झाकणापाशी पहारेकरी बसवला आणि घरची वाट धरली.

गल्लीत बायका वरच्या रस्त्यावरून कळशा भरून आणत होत्या.

"नळाला पाणी नाही?" बाईंनी विचारलं.

"असू दे गं. चालतंय," एक काकू म्हणाल्या आणि जाता जाता त्यांनी बाईंचा गाल कुरवाळला.

बाई बघतच राहिल्या. नळ जरा उशिरा आला तर याच काकू ऑफिस डोक्यावर घ्यायच्या. गल्लीला झालंय तरी काय? पण एका वेळी किती कोडी सोडवायची माणसाने?

वडील पायरीवर बसले होते. सगळा जन्म पाणीपुरवठ्यात गेलेला. निवृत्त झाले तरी नवी पोरं अजून त्यांनाच विचारायला यायची.

"बाबा, मैदानाजवळची मोठी लाइन फुटली असेल का हो?"

"छे! कालच बघून आलो. का?"

"टाकीचं काही कळतच नाहीये. सकाळी बघावं तर भरलेली."

वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं. "आणि संध्याकाळी?" त्यांनी हळूच विचारलं.

"संध्याकाळी रिकामी. रोज हाच खेळ. वीट आलाय मला. उद्या फजिती झाली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"बाहेर कुठे बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बोलूही नकोस. होईल सगळं नीट. चल, जेवून घे."

वडिलांना काय कळणार, असं वाटून बाईंना उगीचच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या निधीवाल्या बाईंच्या सरबराईत अडकल्या. मधेच पहारेकऱ्याला फोन केला.

"चिटपाखरूसुद्धा फिरकलं नाही इकडे," तो म्हणाला.

बाईंच्या जिवात जीव आला.

दुपारी त्या पाहुणीला घेऊन मैदानावर पोचल्या तेव्हा आभाळ भरून आलं होतं. सगळी गल्ली हजर होती. धुवट कपडे घालून, हसऱ्या चेहऱ्यांनी, जणू घरचंच कार्य. वडील छत्री घेऊन सगळ्यांत पुढे.

"येऊ दे पाऊस!" बाई मनातल्या मनात म्हणाल्या. त्यांनी स्वतः झाकण उचललं.

पाणी काठाला लागलं होतं.

गल्लीने टाळ्या वाजवल्या. निधीवाल्या बाईंनी एकदा पाण्याकडे आणि एकदा इंजिनीअरबाईंकडे पाहिलं.

"ही रिकामी ठेवायची होती ना?"

टपोरे थेंब पडू लागले आणि बघता बघता सर कोसळली. वरच्या रस्त्यावरून गढूळ पाण्याचा लोंढा आला, टाकीच्या तोंडाशी अडला, वळला आणि खालच्या गल्लीकडे धावला. टाळ्या थांबल्या. पंपवाला तळाचा पंप सुरू करायला पळाला, पण त्याचा आता काय उपयोग?

वडिलांनी छत्री लेकीच्या डोक्यावर धरली. ते कौतुकाने तिच्याकडे बघत होते.

"घाबरू नकोस, पोरी. टाकी गळकी आहे हे कुणाला कळू दिलं नाही आम्ही," ते तिच्या कानाशी कुजबुजले. "गल्लीतले सगळे नळ बंद करून, लाइनचं पाणी जमिनीखालूनच इकडे वळवून रोज पहाटे आम्हीच भरतोय."