मेलची वाटणी

भावांत गोडाऊनची वाटणी झाली, गाड्यांची झाली. उरले होते फक्त धाकट्याचे जुने मेल. ऑफिसच्या सर्व्हरवर एका फाइलमध्ये साठवलेले हे मेल आपल्या नव्या मेलबॉक्समध्ये चढवायला धाकटा कॉम्प्युटरवाल्याला घेऊन आला होता. "उचल तुझा कचरा," स्क्रीनवरची नजर न काढता थोरला खेकसला. "तुझ्या मेलला मी काठीनंही शिवलेलो नाही." धाकट्याने दातओठ खाल्ले. वर्षभर त्याचं प्रत्येक गिऱ्हाईक थोरल्याने आधीच गाठून पळवलं होतं. कसं, ते देवच जाणे. तेवढ्यात कॉम्प्युटरवाल्याने मान वर केली. "फाइल हलत नाहीये. कुणीतरी ती उघडून बसलंय." स्क्रीनवर नाव शोधून तो भाबडेपणाने थोरल्याकडे वळला, "साहेब, तुमच्याच मशीनवर उघडी दिसतेय. जरा बंद करता?" थोरला घाईघाईने माउस फिरवू लागला. धाकट्याने समोरची खुर्ची ओढली. "वाचून होऊ दे, दादा. मी थांबतो."