एका श्वासाचं अंतर

"आज चित्र येणार नाही, फक्त आवाज," जनसंपर्कवाले साहेब दोघींसमोर पाण्याचे ग्लास ठेवत म्हणाले. "सूर्याचा काहीतरी त्रास आहे."

"असू दे. तोंड पाहिलेलंच आहे मी त्याचं, जन्मापासून," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्ची माइकजवळ ओढून बसल्या.

दर आठवड्याला कंपनीची गाडी या सासू-सुनेला भेटीच्या खोलीत आणून सोडायची. खोलीत टेबल, माइक, पडदा आणि पडद्याच्या वर कंपनीचं ब्रीद : 'काहीही वाया जात नाही.' ते खरंच होतं. चंद्रावर उतरून रिकामी झालेली रॉकेटं कंपनी तिथेच आडवी करायची आणि त्यांच्या इंधनाच्या टाक्या कापून, एकमेकींना जोडून माणसांना राहायला खोल्या करायची. कापणारा-जोडणारा वेल्डर म्हणजे सासूबाईंचा मुलगा, सुनेचा नवरा. "लोकांची मुलं परदेशी जाऊन बंगल्यात राहतात," सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमचा चंद्रावर जाऊन पिंपात राहतो." सांगताना मान मात्र ताठ.

तिथे बोलायची एक रीत होती. इकडचा शब्द तिकडे जायचा, तिकडचा इकडे यायचा, त्यात एक श्वास घेऊन सोडण्याएवढा वेळ जायचा. याला कंपनीचाही इलाज नव्हता. सासूबाईंना ती रीत कधी जमली नाही. "जेवलास का? बारीक झालायस. अंग खाजतं का रे अजून?" एवढं त्या एका दमात विचारायच्या आणि वरून "हो, पोटभर" यायचं, ते नेमकं खाजेवर. सून मात्र त्या श्वासाला सरावली होती. नवरा-बायकोची भांडणंसुद्धा त्या श्वासाने सुधारली होती. उलट उत्तर पोचेपर्यंत निम्मा राग उतरायचा.

मागच्या खेपेला उठता उठता तो म्हणाला होता, "उद्या मोठी टाकी कापायचीय. मला वाटतं तिच्या पोटात अजून गॅस आहे. साहेब लोक म्हणतात, रिकामी आहे." साहेब लोक पृथ्वीवर. चंद्रावर हुकूम खालून वर जातात.

"मग कापू नकोस," सून म्हणाली होती.

एक श्वास.

"अगं, नव्या खोलीच्या उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्यात."

आज तिने माइक आपल्याकडे ओढला. "ती टाकी कापलीस का?"

"कापली. सगळं छान झालं. तू काळजी करू नकोस."

वाट पाहायची म्हणून तिने छाती भरून घेतली होती. ती तशीच भरलेली राहिली.

"गॅस होता का आत?"

"नव्हता गं. उगीच घाबरलो."

आवाज त्याचाच. 'उगीच' म्हणताना घशात होणारी खरखरही त्याचीच. फक्त मधे चंद्राएवढं अंतर नव्हतं. हा आवाज फार तर शेजारच्या खोलीतून येत होता.

"आई, तुम्ही बोला," म्हणत तिने माइक सासूबाईंकडे सरकवला आणि दाराजवळ उभ्या असलेल्या साहेबांपाशी गेली.

"कुठून बोलतोय हा?"

"तिथूनच, वहिनी. म्हणजे..."

"चंद्र इतका जवळ कधी आला, साहेब?"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "मी सांगितलं होतं त्या पोरांना, मधे थांबा टाका म्हणून!" आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

मागे सासूबाई विचारत होत्या, "जेवलास का?" आणि आवाज सांगत होता, "जेवलो."

"कधी झालं?" सुनेने विचारलं.

"ती टाकी कापतानाच. लगेच गेले. त्रास नाही झाला." साहेब आता कुजबुजत होते. "त्यांच्या जुन्या बोलण्यांवरून मशीनने आवाज बनवलाय. उद्घाटन होईपर्यंतच, वहिनी. मग आम्ही सांगणारच होतो. नव्या खोलीला त्यांचं नाव द्यायचं ठरलंय. एकमताने."

तिची नजर पडद्याच्या वरच्या ब्रीदावर गेली. साहेबांना वाटलं, नाव पसंत पडलं नाही.

"आणि आजींसाठी म्हणाल," ते म्हणाले, "तर हे पुढेही चालू ठेवता येईल. दर आठवड्याला, गाडीसकट. त्यांचं वय बघता... तुम्ही ठरवा."

सून टेबलाशी परत आली. माइकच्या खाली एक बटण होतं, दाबलं की बोलणं बंद. तिने त्यावर बोट ठेवलं.

सासूबाईंनी तिचा दंड धरला. त्यांचा चेहरा असा फुलला होता, जसा तो चंद्रावर गेल्यापासून फुलला नव्हता. "अगं, आज शब्दाला शब्द लागतोय बघ! किती पटापट बोलतोय. निघालाय वाटतं तिकडून, जवळ आलाय."

सुनेचं बोट बटणावरच राहिलं.

"निघालास का रे?" सासूबाईंनी माइकला विचारलं.

"निघालो, आई," आवाज म्हणाला. सासूबाईंचं तोंड अजून मिटलंही नव्हतं.