पंप बंद

वरच्या आणि खालच्या गावाच्या पाणी समित्यांच्या अध्यक्ष नात्याने विहिणी. मुलांच्या लग्नात एका शब्दाने न भांडलेल्या या दोघी पाण्याचा विषय निघाला की हमरीतुमरीवर यायच्या. “तुमच्या बोअरवेलनी आमची विहीर आटवली,” असं दोघींचंही म्हणणं.

शेवटी भूजल खात्याच्या बाई वैतागल्या. “आरोप पुरे. दोन्ही गावांचे सगळे पंप एक दिवस एकाच वेळी बंद ठेवा आणि काय होतं ते बघा.”

कुरकुरत का होईना, पंप बंद झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावं वरच्या विहिरीवर लोटली. बाईंनी टेप खाली सोडली, वाकून आकडा पाहिला आणि आनंदाने त्यांचा आवाजच चढला. “पाणी चांगलं पुरुषभर वर आलंय.”

मग एकच पळापळ झाली. कोणी सायकलवर, कोणी स्कूटरवर तिघं बसून, कोणी चपला हातात घेऊन खालच्या विहिरीकडे सुटलं. तिथेही पाणी चढलं होतं. आदल्या दिवशी उघडा पडलेला खडक आता दिसतच नव्हता. माणसं कठड्यावरून वाकून एकमेकांना पाणी दाखवत होती. गर्दीत दोन्ही विहिणींनी एकमेकींचा हात कधी धरला, त्यांनाच कळलं नाही.

तेवढ्यात वरच्या गावाच्या ऑपरेटरने आपल्या अध्यक्षांना नेहमीसारखं विचारलं, “ताई, आता करू का पंप चालू?”

“कर,” असं त्या म्हणणारच होत्या. पण थांबल्या, आणि शेजारी वळून म्हणाल्या, “विहीणबाई, करू देऊ का?”