तिन्ही एकदम पेटल्या पाहिजेत

"आज तरी ते रॉकेट राहू दे की, भुवने. पाहुणे फाट्यावर आलेत," श्रीदेवी आतून म्हणाली.

भुवनेश्वरी अंगणात मांडी घालून बसली होती. मांडीवर रॉकेट आडवं. "उलट आजच पाहिजे," ती म्हणाली. "त्यांच्यासमोरच उडवणार. हसले तर हसले."

मागचे पाहुणे हसले होते. 'पोरीला हे कसलं याड?' असं म्हणाले होते. त्यांची गाडी जळकोटच्या बाहेर पडायच्या आत श्रीदेवीनं आपल्या भावाला सांगून टाकलं होतं, "मल्लेशदादा, हे स्थळ नको."

वडील गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. श्रीदेवी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती, भुवनेश्वरी तुळजापूरला कॉलेजात फिजिक्स शिकवायची. रॉकेट तिनं तयार खोक्यातून जोडलेलं नव्हतं, सगळं स्वतः आखलं होतं. कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं टोक, पातळ प्लायवूडचे पंख, जुन्या छत्रीचं पॅराशूट. बुडाशी मात्र एकीच्या जागी तीन मोटरी, म्हणजे दारू ठासलेल्या नळ्या, शेजारी शेजारी. त्या तेवढ्या कुरिअरनं मागवलेल्या. तिन्ही एकदम पेटल्या तर रॉकेट सरळ वर. एखादी मागं राहिली तर तोंड फिरवून कुठंही.

परंड्याहून गाडी आली. शांतलिंग उतरले. परंड्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान. पांढरा सदरा, नुकतेच कापलेले केस. मागून त्यांचा मुलगा बसवेश, सोलापुरात बँकेत नोकरीला.

पोहे झाले. श्रीदेवीनं दिलेला निम्मा चहा बशीतच सांडला. शांतलिंगनी तो बशीतूनच पिऊन टाकला. "बशीतच बरा लागतो," ते म्हणाले.

मग मल्लेशमामा उठले. "दोघांना जरा बोलू द्या," म्हणाले आणि पानाच्या निमित्तानं बाहेर पडले.

बसवेश भुवनेश्वरीच्या मागं अंगणात आला. तिनं तारांची टोकं सोलायला घेतली होती.

"घरात आवाज चढवून कोण बोलतं?" तिनं विचारलं.

"टीव्ही."

तिनं हसू दाबलं. "स्वयंपाक?"

"आई गेल्यापासून पप्पा आन् मी. भाकरी पप्पांची चांगली होते, भाजी माझी."

"लग्नानंतर नोकरी सोडा म्हणाल?"

"कोण म्हणंल? छे."

"आणि हे रॉकेट? तुमच्या परंड्याच्या गच्चीवरून बी मी उडवणार."

"उडवा की." बसवेशनं वाकून मोटरींकडं पाहिलं. "आता मी एक विचारू?"

"विचारा."

"तिन्ही पेटतील ना?"

मामांचं रान ज्वारी काढून मोकळं झालं होतं. भुवनेश्वरीनं मधोमध ओली वाळू पसरली, लोखंडी सळईला रॉकेट लावलं, तारा लांबवर ओढत आणून मोटारसायकलच्या बॅटरीला जोडल्या. पाण्याची घागर भरून ठेवली. सगळे तिच्यामागं उभे राहिले. श्रीदेवीनं आधीच कानांत बोटं घातली होती.

भुवनेश्वरीनं बटण दाबलं.

फुस्स झालं, धूर झाला, रॉकेट सळईवरून सुटलं आणि माणूस रस्ता चुकावा तसं डावीकडं वळलं. ओढ्याकाठच्या बाभळीवर जाऊन अडकलं. दोनच पेटल्या होत्या.

भुवनेश्वरीनं मागं वळून पाहिलं नाही. हसण्याची वाट पाहत राहिली.

हसण्याऐवजी धावण्याचा आवाज आला. शांतलिंग पांढऱ्या सदऱ्यानिशी धसकटांतून पळत सुटले होते. एक चप्पल वाटेतच राहिली.

"पप्पा, हळू!" बसवेश ओरडला.

ते परत आले तेव्हा सदऱ्याची बाही फाटली होती आणि रॉकेट तान्ह्या लेकरासारखं दोन्ही हातांवर होतं. "एक पंख निखळलाय," ते धापा टाकत म्हणाले. "चिकटवून परत उडवायचं ना? का झालं आजच्यापुरतं?"

"परत उडवायचं," भुवनेश्वरी म्हणाली.

"काटा रुतलाय तुम्हाला," श्रीदेवी म्हणाली आणि घागरीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतू लागली.

एका मोटरीची तार सैल राहिली होती. भुवनेश्वरीनं नव्या मोटरी बसवल्या, प्रत्येक जोड पिळून घट्ट केला, ओढून पाहिला. बसवेशनं पंख चिकटवून तो वाळेपर्यंत धरून ठेवला. सगळे पुन्हा मागं सरकले.

"या खेपेला बटण बाईंना दाबू द्या," शांतलिंग म्हणाले.

"मला? न्हाय बाई, मला भ्या वाटतं."

"मला बी वाटतं. म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

श्रीदेवीनं डोळे मिटून बटण दाबलं.

तिन्ही एकदम पेटल्या. रॉकेट सरळ वर गेलं, धुराची बारीक रेघ ओढत, दिसेनासं होईपर्यंत. मग निळ्या आभाळात छत्रीचा काळा ठिपका उमलला आणि सावकाश खाली येऊ लागला. मामांनी शिट्टी मारली. श्रीदेवी टाळ्या वाजवत मोठ्यानं हसली. तिचं असं हसू भुवनेश्वरीनं किती वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मग?" मामांनी घसा खाकरला. "आपल्याकडून काय कळवायचं?"

"मला पसंत हाय," भुवनेश्वरी लगेच म्हणाली.

मामांनी बहिणीकडं पाहिलं. श्रीदेवीनं पदर सावरला. "माझी बी हरकत न्हाय," ती म्हणाली.

शांतलिंग एका पायात चप्पल घालून नुसतेच हसत उभे होते. बसवेश भुवनेश्वरीजवळ आला.

"चला, तुमच्या आईचं आन् माझ्या पप्पांचं ठरलं म्हणायचं," तो म्हणाला. "आता तुम्हाला अक्का म्हणू, का नावानंच हाक मारू?"