ग्लॉसी की मॅट

"मॅटवर बोटं उमटत नाहीत," हेमचंद्र म्हणाले. "ग्लॉसीला नुसता हात लागला तरी डाग. घरात लहान मूल आहे ना? मग मॅटच न्या."

वैशालीने फोटो छापायच्या कागदाच्या दोन्ही नमुन्यांवर अंगठा दाबून पाहिला आणि ग्लॉसीचं पाकीट उचललं. दादरच्या त्या दुकानाचे मालक हेमचंद्र, त्यांनी खांदे उडवले.

तिला डागच हवे होते.

मनू दोन वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलत नव्हती. परळच्या थेरपिस्टबाईंनी सांगितलं होतं, घरच्यांचा मोठा फोटो तिच्या उंचीवर लावा, दिवसातून दोनदा तिचं बोट धरून एकेका चेहऱ्यावर ठेवा आणि नाव घ्या. वैशाली आठला ऑफिसला निघायची ती साडेसहाला उगवायची. म्हणजे हे काम लालबागहून मनूला सांभाळायला येणाऱ्या कालिंदीमावशींचं. त्यांच्या हाताखाली घर लख्ख असायचं, ओटा काय, खेळणी काय. पण दुपारी तुमच्याकडे टीव्ही फार जोरात असतो, असं शेजारीण सहज बोलून गेली आणि वैशालीचं ऑफिसात लक्ष लागेना. कॅमेऱ्याला नवऱ्याने, अजितने, साफ नकार दिला. घरच्यासारख्या बाईवर पाळत ठेवायची, शोभतं का आपल्याला?

मग तिला कागद सुचला.

रविवारी तिने मनूच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो निवडला. मधोमध वैशाली स्वतः, बाजूला अजित, गावाहून आलेले अप्पा. डाव्या कडेला केकची ताटली घेऊन कालिंदीमावशी, चेहरा अर्धाच आलेला. त्यांना काप, अजित म्हणाला. पण कापायला गेलं की अप्पांचा खांदा जायचा. राहिल्या मावशी.

पहिली प्रत वाया गेली. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार बदलायचा राहिला आणि शाई पसरली. दुसरी मात्र आरशासारखी आली. ती वाळवून तिने कपाटाच्या दारावर खाली चिकटवली आणि मऊ कापडाने पुसली.

सोमवारी संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहिलं. फोटो कोरा, एकही बोट उमटलेलं नाही. मंगळवारी, बुधवारीही तेच. मनूला तिने स्वतः एकदाही फोटोजवळ नेलं नाही. पुरावा बिघडला असता.

गुरुवारी तिने विचारलंच. "मावशी, फोटो दाखवता ना तिला?"

"दाखवते तर. दोन-दोनदा." मावशी चपला घालत होत्या. "पण ताई, कागद कसला आणलात? लगेच खराब होतो."

खोटं बोलताना आवाजही हलला नाही बाईचा. रात्री वैशाली अजितला म्हणाली, सोमवारपासून त्यांना येऊ नका म्हणून सांगणार.

"अगं, पण पुरावा काय?"

"फोटो कोरा आहे. आणखी काय हवं?"

शुक्रवारी डोकं दुखतंय सांगून ती तीनलाच निघाली. सांगायची वाक्यं रस्ताभर घोकली. आपल्या चावीने दार उघडलं तर टीव्ही जोरात चालू, मनू गादीवर झोपलेली, मावशी कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या.

"लवकर आलात?" मावशी लगबगीने उठल्या आणि त्यांनी खांद्यावरचं फडकं ओढलं. "थांबा, फोटो पुसायचा राहिलाय. रोज तुम्ही यायच्या आत पुसून ठेवते. तुम्हाला चकचकीत आवडतो ना."

वैशालीने त्यांचा हात धरून थांबवलं. कपाटापाशी खाली बसून तिने टॉर्च तिरपा धरला.

अजितच्या चेहऱ्यावर दोन चिमुकले ठसे. अप्पांच्या दोन. तिच्या स्वतःच्या दोन. प्रत्येक ठशाला लागून एक मोठ्या बोटाचा.

डाव्या कडेला, ताटलीमागच्या अर्ध्या चेहऱ्यावर, मोठं बोट एकही नव्हतं. तिथे नुसती चिमुकली बोटं होती, एकावर एक, मोजता न येण्याइतकी, आणि त्यांच्यामध्ये इवल्या ओठांचा ओला डाग.